सातबाऱ्यापासून सीआरएमपर्यंत : इस्टेट एजंटने पैसा कुठे गुंतवावा?

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर (बोलीत ‘नगर’) जिल्हा सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरवर पसरला आहे. १४ तालुक्यांच्या या जिल्ह्यात जमीनजुमल्याचा बाजार एक नाही. नगर शहरातल्या सावेडी, केडगाव, बोल्हेगावात फ्लॅट आणि रो-हाऊस विकले जातात. नागापूर आणि सुपा औद्योगिक वसाहतींभोवती प्लॉट आणि भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक असते. शिर्डी-राहात्यात लॉज-हॉटेलजोग्या जागांची चौकशी होते. २०१७ मध्ये काकडीचे विमानतळ आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यावर कोपरगाव-राहात्याकडे बाहेरच्या खरेदीदारांचीही नजर वळली. बाकी सगळीकडे शेतजमीन आहेच.

या सर्व बाजारांत पार्टीशी पार्टी जुळवतो तो एजंट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोटारसायकल, खिशातली डायरी आणि तलाठी कार्यालयातली ओळख एवढेच त्याचे भांडवल होते. आता त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी काही विकायला येते : पोर्टलचे पॅकेज, ग्राहक-नोंदीचे सॉफ्टवेअर म्हणजे सीआरएम, ड्रोन शूटिंग, फेसबुकवरची जाहिरात, ‘एआय’ने लिहून मिळणारा मजकूर. प्रत्येक जण एकच वाक्य सांगतो, “साहेब, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे.”

ते खरे आहे का, हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. पैसा परत कोणत्या वाटेने येणार : नव्या व्यवहारातून, वाचलेल्या वेळातून की टळलेल्या तोट्यातून? किती काळात येणार? आणि उद्या हप्ता भरणे थांबवले तर हातात काय उरणार? जिल्ह्यातल्या एजंटापुढच्या पर्यायांना हे प्रश्न लावून पाहिले, तर सर्वांत महाग साधने सर्वांत फायद्याची ठरत नाहीत.

सरकारने आधीच उभे केलेले भांडवल

सुरुवात मोबाइल कंपन्यांपासून नव्हे, महसूल खात्यापासून करावी लागते. २०१० नंतरच्या दीड दशकात हे खाते बराच काळ याच जिल्ह्यातल्या दोन नेत्यांकडे होते, संगमनेरचे बाळासाहेब थोरात आणि लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील. त्या काळात ई-फेरफार, डिजिटल सातबारा, ई-पीक पाहणी, ऑनलाइन मोजणी अर्ज अशी कामे टप्प्याटप्प्याने राज्यभर पोहोचली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याचे शुल्क १५ रुपये. केवळ माहितीसाठीचा, स्वाक्षरी नसलेला उतारा महाभूलेखवर फुकट दिसतो. आठ-अ, फेरफार आणि मिळकत पत्रिका ऑनलाइन आहेत, गावाचे नकाशे आहेत, आणि ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसाही पाहता येतात.

नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन शोधता येते. मुंबई वगळता ही माहिती साधारण २००२ नंतरची आहे. त्यामुळे तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली जुनी दप्तरे उघडावीच लागतात आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट टळत नाही. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले रेडी रेकनर, संकेतस्थळावर खुले आहेत. न्यायालयात वाद चालू आहे का, हे ई-कोर्ट्स ॲपवर पक्षकाराच्या नावाने पाहता येते. तारण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या सरसाईवर किरकोळ शुल्कात शोध घेता येतो.

हे भांडवल सरकारने उभारले आहे. एजंटाला त्यात घालायचा आहे तो वेळ, आणि वाचायला शिकण्याचे कष्ट. ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आहे का? ‘ए.कु.मॅ.’ अशी नोंद असेल तर भावांची आणि बहिणींची नावे कुठे गेली? जमीन भोगवटादार वर्ग-२ ची आहे का, देवस्थान इनामाची आहे का, पुनर्वसनाचा शेरा आहे का? श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात आणखी एक प्रश्न असतो. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. पुढे दीर्घ लढ्यानंतर खंडकऱ्यांना, म्हणजे कारखान्यांना खंडाने जमीन दिलेल्या मूळ मालकांना, त्या शर्तींसह परत मिळाल्या. अशा जमिनीचा इसार घेण्याआधी त्या शर्तींची आजची स्थिती तहसीलमधून लेखी तपासावी लागते.

इथेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जिल्ह्यात व्यवहार फिसकटण्याचे मोठे कारण गिऱ्हाईक न मिळणे हे नसते. टोकन दिल्यावर कागदात काहीतरी निघते आणि मग फिसकटते. बयाणा परत मागितला जातो, मालक टाळाटाळ करतो, दोघेही एजंटाला दोष देतात. चार-पाच उतारे आणि तासाभराचे वाचन या संकटापासून वाचवत असेल, तर शंभर रुपयांच्या आतल्या खर्चाचा परतावा कोणत्याही पोर्टलला गाठता येणार नाही.

मात्र पडद्यावर सगळे दिसत नाही. हिवरे बाजार या गावाने बाहेरच्या माणसाला जमीन न विकण्याचे ठरवले, हे सातबाऱ्यावर छापलेले नसते. नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांत लष्कराच्या के. के. रेंजभोवतीच्या गावांत संपादनाची धास्ती आहे, तीही उताऱ्यात दिसत नाही. सुरत-चेन्नई महामार्गाच्या आखणीवरून प्लॉट खपवणाऱ्यांच्या हाती नकाशे फिरतात. त्यातला अधिकृत कोणता, हे भूसंपादन कार्यालयातच समजते. गावची खबर ठेवणारा जुना एजंट म्हणूनच अजून टिकून आहे. तंत्रज्ञान त्याच्या ओळखीपाळखीला पूरक आहे, तिची जागा घेऊ शकत नाही.

कायद्याने भाग पाडलेली गुंतवणूक

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. त्यातली प्रकल्प आणि एजंटांच्या नोंदणीची कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प सोडले तर बाकीचा प्रकल्प महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो आणि अशा प्रकल्पातली विक्री जुळवणाऱ्या एजंटालाही नोंदणी लागते. व्यक्तीसाठी शुल्क दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षे. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपये, एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शेतजमिनीचा साधा व्यवहार या कक्षेत येत नाही. पण ‘लेआउट पाडून प्लॉट’ म्हटले की बहुधा येतो.

२०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा त्या वर्षी मे महिन्यात झाली. प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाची मुदत, मंजुरी आणि तक्रारी ग्राहकाला थेट दिसतात. पूर्वी माहिती दडवण्यात एजंटाचा फायदा असे. आता ग्राहक त्याच्यासमोरच ती उघडून वाचतो.

नोंदणी आणि परीक्षेवर झालेल्या खर्चाला बरेच एजंट सरकारी कटकट म्हणतात. तिसरा प्रश्न लावला तर हा खर्च गुंतवणूक ठरतो, कारण बाहेरच्या माणसापुढे दाखवायचा पुरावा हाती उरतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा पाथर्डी किंवा शेवगावचा मुलगा आईवडिलांसाठी नगरात फ्लॅट पाहत असेल, तर त्याला चहाच्या टपरीवरची ओळख उपयोगाची नसते. तो नोंदणी क्रमांक टाकून पाहतो.

ग्राहक आणणारी साधने

नाइन्टी-नाइन एकर्स २००५ पासून आहे. त्यानंतर मॅजिकब्रिक्स, हाऊसिंग आणि २०१४ मध्ये मध्यस्थच नको म्हणणारे नोब्रोकर आले. महानगरात या पोर्टलांनी बाजार बदलला. नगरसारख्या शहरात त्यांचा उपयोग मर्यादित आहे आणि त्याचे कारण बाजाराच्या रचनेत आहे. पोर्टलचा फायदा होतो तो एकसारख्या वस्तू असताना : मोठ्या संकुलातले दोन बेडरूमचे शेकडो फ्लॅट, ज्यांची दर चौरस फुटावर तुलना होते. इथला प्रत्येक प्लॉट वेगळा असतो. रस्ता किती फुटी, एनए झालाय का, गुंठेवारीचा आहे का, शेजारी कोण, पाणी कुठून, हे रकान्यात बसत नाही.

त्यात पोर्टलकडून येणारी चौकशी, जिला या धंद्यात ‘लीड’ म्हणतात, ती एकाच वेळी चार एजंटांना गेलेली असते. पॅकेज संपले की ती बंद होते. मागे काही उरत नाही. हा भाड्याचा खर्च आहे, आणि भाडे म्हणून परवडत असेल तर जरूर द्यावा. गुंतवणूक म्हणून मात्र त्याची नोंद करू नये.

याउलट २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात मालमत्तांचा कॅटलॉग लावता येतो, ग्राहकांना लेबले देता येतात, ठरावीक उत्तरे साठवता येतात. गुगलवरच्या व्यवसाय-नोंदीलाही पैसे पडत नाहीत. त्यात ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय साचत जातात आणि ते हप्त्यावर अवलंबून नसतात. यूट्यूबवर मराठीतून ‘वर्ग-२ जमीन म्हणजे काय’ किंवा ‘शेतजमीन घ्यायला शेतकरी दाखला का लागतो’ असे समजावून सांगणारा एजंट जाहिरातीशिवाय ओळखला जातो. इथे पैशापेक्षा बोलायची तयारी आणि खरी माहिती लागते. व्हॉट्सॲपचे गट मात्र दुधारी आहेत. तोच प्लॉट दहा गटांत दहा भावांनी फिरतो आणि मालकाला वाटते आपल्या जागेला फार मागणी आहे. मग तो भाव चढवतो, आणि जुळत आलेला व्यवहार लांबतो.

ग्राहक सांभाळणारी साधने

जिल्ह्यातल्या एजंटाचा खरा साठा त्याच्या डोक्यात असतो : कोणाला पारनेरकडे पाच एकर हवेत, कोणाचा केडगावचा फ्लॅट मुलीच्या लग्नासाठी विकायचा आहे, कोणाला दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर सावेडीत यायचे आहे. डायरी हरवली किंवा माणूस आजारी पडला की हा साठा जातो. तो नोंदवून ठेवणे हीच सीआरएमची कल्पना.

त्यासाठी पहिल्या दिवशी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने पुरतात : नाव, गाव, गरज, बजेट, दाखवलेल्या जागा, न आवडण्याचे कारण, पुढचा फोन कधी, कोणाच्या ओळखीने आला. सहा महिने ही नोंद नेमाने ठेवणाऱ्याला सॉफ्टवेअर घेतल्यावर फायदा होतो. ज्याने ती ठेवली नाही, त्याचे सॉफ्टवेअरही रिकामेच राहते. हप्त्याची रक्कम भरण्याआधी विक्रेत्याला एकच विचारावे : सेवा बंद केली तर माझी सगळी नोंद मला फाइलमध्ये परत मिळेल का? उत्तर गोलमोल आले तर पुढे जाऊ नये.

या नोंदींना आता कायद्याचीही चौकट आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ग्राहकांच्या आधार आणि पॅनच्या प्रती मोबाइलच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून असतात, कधी भलत्याच गटात जातात. कुलूपबंद फोल्डर, दोन टप्प्यांचा पासवर्ड आणि व्यवहार संपल्यावर प्रती पुसून टाकण्याची शिस्त याला खर्च जवळपास शून्य आहे. नंबर विकत घेऊन घाऊक फोन करणे ‘ट्राय’च्या नियमांत बसत नाही, आणि लहान शहरात त्याने नावही जाते.

दाखवणारी आणि अंदाज बांधणारी साधने

बाहेरगावच्या खरेदीदारासाठी जागेचा व्हिडिओ खरोखर उपयोगी आहे. मोबाइल, साधे स्टॅबिलायझर आणि चांगला माइक एवढ्यात काम होते. निम्म्या साइट भेटी आधीच गळून पडल्या तरी पेट्रोल आणि दिवस वाचतात. ड्रोनचे तसे नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेले आहे. नगर शहराला लागून आर्मर्ड कोर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आहे, शिर्डीजवळ विमानतळ. त्यामुळे डिजिटल स्काय नकाशा न पाहता ड्रोन उडवणे महागात पडू शकते. वर्षात चार-पाच मोठे लेआउट दाखवायचे असतील तर परवानाधारक चालकाला भाड्याने बोलावणे बरे. ड्रोन विकत घेऊन ठेवण्याइतके काम बहुतेक एजंटांकडे नसते.

जमिनीच्या हद्दीबाबत तर व्हिडिओ आणि मोबाइलवरचा गुगल नकाशा दोन्ही अपुरे. भूमी अभिलेख खात्याने रोव्हर यंत्रे आणल्यापासून मोजणी आधुनिक झाली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचेही ड्रोनने मोजमाप होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ग्राहकाला अधिकृत मोजणी करून घ्यायला सांगणारा एजंट काही आठवडे गमावतो, पण पुढचा बांधाचा वाद टाळतो.

भाकीत करणाऱ्या तंत्रज्ञानाचा धडा अमेरिकेतून येतो. झिलो या बलाढ्य कंपनीने संगणकी अंदाजावर घरे स्वतः विकत घेऊन विकण्याचा धंदा २०१८ मध्ये सुरू केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळला. एका तिमाहीत घरांच्या मूल्यात ३० कोटी डॉलरहून अधिक घट दाखवावी लागली आणि सुमारे चौथा हिस्सा कर्मचारी कमी करण्याचे जाहीर झाले. जिथे बहुतेक राज्यांत विक्रीची किंमत उघड नोंदलेली असते, तिथे हे घडले. आपल्याकडे दस्तातला भाव आणि प्रत्यक्षातला भाव यांत अंतर असल्याचे सगळे जाणतात. अशा नोंदींवर शिकलेला ‘एआय’ मुळा आणि भंडारदरा धरणांच्या पाण्याचा फरक काय ओळखणार? जाहिरातीचा मजकूर सुबक करणे, इंग्रजी-हिंदी भाषांतर, करारातल्या तारखांची आठवण यांसाठी तो जरूर वापरावा. मात्र त्याने लिहिलेल्या मजकुरात ‘हायवे-टच’ किंवा ‘मंजूर लेआउट’ असे काही घुसले आणि ते खोटे निघाले, तर जबाबदारी यंत्राची नसते. खोटी माहिती देणे हे स्थावर संपदा कायद्यात एजंटाचे गैरवर्तन आहे.

हिशेबाची बाजू

या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते कराबद्दल. लहान व्यापाऱ्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर अंदाजित उत्पन्न दाखवण्याची आयकराची सवलत योजना दलाली किंवा कमिशनवर चालणाऱ्यांना मिळत नाही. म्हणजे एजंटाला हिशेब ठेवावाच लागतो. ठेवलाच आहे तर तंत्रज्ञानाचा खर्च त्यात दाखवून वजावट घेता येते. संगणक आणि त्याच्या सॉफ्टवेअरवर ४० टक्के दराने घसारा मिळतो. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. दलालीवरची उद्गम कपात (टीडीएस) ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्क्यांवर आली आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की दलालीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. नोंदणी असेल तर लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरवर भरलेला जीएसटी त्यातून वळता होतो. हे सगळे पक्क्या बिलावरच शक्य आहे. मित्राकडून रोखीने घेतलेला लॅपटॉप स्वस्त वाटतो, पण करात त्याचा उपयोग शून्य.

आता एक साधे गणित. मानू या, एका एजंटाचा ३५ लाखांच्या फ्लॅटवर एका बाजूकडून एक टक्का ठरला आहे, म्हणजे ३५ हजार रुपये. ५० हजारांचा लॅपटॉप चार वर्षे वापरला तर वर्षाला साडेबारा हजार पडतात. नोंदणी शुल्काचे वर्षाला दोन हजार. व्हिडिओचे साहित्य आणि उताऱ्यांचे शुल्क धरून साडेपाच हजार. एकूण २० हजार. वर्षात एक व्यवहार जरी टोकननंतर फिसकटण्यापासून वाचला, तरी हा खर्च भरून पंधरा हजार उरतात. पोर्टलचे पॅकेज समजा ३० हजारांचे असेल, तर ते केवळ भरून काढायलाच एक जादा व्यवहार लागतो. तोही असा, जो पोर्टलशिवाय झालाच नसता. हा शेवटचा निकष बहुतेक जण विसरतात. ओळखीतूनच येणारे गिऱ्हाईक पोर्टलवरून आले म्हणून पोर्टलला श्रेय देणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. म्हणून प्रत्येक ग्राहकापुढे ‘कोणाच्या ओळखीने’ हा रकाना हवा. वर्षाच्या शेवटी तोच सांगतो की कोणते साधन ठेवायचे आणि कोणते बंद करायचे.

निष्कर्ष

सगळे पर्याय एका रांगेत ठेवले तर क्रम असा लागतो. पहिला पैसा आणि वेळ कागद तपासण्याच्या साधनांवर आणि ते वाचायला शिकण्यावर. दुसरा महारेराची नोंदणी, प्रमाणपत्र आणि पक्क्या हिशेबावर. तिसरा ग्राहकांच्या स्वतःच्या नोंदीवर. चौथा मराठीतून माहिती देणाऱ्या व्हिडिओवर. पोर्टल, सशुल्क जाहिरात आणि ड्रोन शेवटी, तेही वर्षभराच्या नोंदीने गरज सिद्ध केल्यावर. पुण्यातल्या मोठ्या संकुलांचे फ्लॅट विकणाऱ्याचा क्रम वेगळा असू शकेल. शेतजमीन, प्लॉट आणि छोट्या इमारतींच्या या जिल्ह्यात हाच क्रम टिकतो, कारण इथे गिऱ्हाइकाला जागांची वाण नाही, खात्रीची आहे.

एजंटांच्या तालुका संघटनांनी एकत्र येऊन सातबारा-फेरफार वाचनाचे आणि ई-सर्चचे वर्ग भरवावेत. एका पोर्टलच्या वर्षाच्या पॅकेजइतक्या वर्गणीत तालुक्यातले सगळे शिकतील. ग्राहकांनीही एजंट निवडताना त्याच्या मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा एकच मागणी करावी : जागा दाखवण्याआधी आजच्या तारखेचा, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हातात द्या. जो देईल, त्याची दलाली देताना कुरकुर करू नये.